एकशे दोनवरचं टेकाड

गेली होती ती नुसता सोन्याचा तुकडा यंत्रात लावायला. नखाएवढा तुकडा. चिमट्यानं उचलायचा, पट्टीवर बसवायचा, पंप चालू करायचा आणि घरी येऊन झोपायचं. फार तर वीस मिनिटांचं काम. नवरा म्हणालासुद्धा, "अगं, सकाळी लवकर जा ना." तर ही म्हणाली, "सकाळी परीक्षा आहे माझी. रात्रभर पंप चालला तर आतली हवा नीट निघते. आले मी, तू झोप."

बसा, नीट बसा. लाइट गेली म्हणून गच्चीवर आलात आणि माझ्या मागे लागलात, काका काहीतरी सांगा, काका काहीतरी सांगा. आता सांगतोय तर फिदीफिदी हसायचं नाही. आणि कोपऱ्यातले साहेब, तो मोबाइल खिशात गेला तर बरं होईल. उद्यापासून तुमचं शिक्षण ज्या यंत्रावर सुरू होणार आहे ना, त्याच यंत्राची ही गोष्ट. ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडली ती माझ्या ओळखीची, शेजारच्याच खोलीत काम करायची. मी पंपांचा माणूस. यंत्रातली हवा काढायची आणि ती पुन्हा आत शिरणार नाही हे बघायचं, यात माझी तेहतीस वर्षं गेली. त्यामुळे मला उगाच हवेतल्या गोष्टी सांगायची सवय नाही.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. तिनं प्रयोगशाळेच्या दाराला कार्ड लावलं तेव्हा रात्रीचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. दाराच्या नोंदीत ती वेळ आहे. मी स्वतः पाहिली.

तिला आम्ही चिमटाबाई म्हणायचो. कोटाच्या वरच्या खिशात कायम चिमटा. हातानं म्हणून कशाला शिवायची नाही. एकदा मी तिला चहाबरोबर बिस्कीट पुढे केलं तर तिचा हात आधी खिशाकडे गेला. आम्ही पोट धरून हसलो, तीसुद्धा हसली. चाळिशीला आलेली बाई, बारा वर्षं दुसऱ्या खात्यात काढून इथं नव्यानं शिकायला आलेली. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर बाकावर बसायची आणि त्यांच्याआधी उत्तर द्यायची. शिकवणाऱ्या होत्या लॅबच्या मोठ्या बाई. कडक. नाकावर माशी बसू देत नसत.

आता यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लांबलचक नाव आहे, एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी. आम्ही एक्सपीएस म्हणतो. वस्तू निर्वात डब्यात ठेवायची, तिच्यावर क्ष-किरण सोडायचे. वस्तूच्या अगदी वरच्या थरातले इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. ते किती जोरात आले ते मोजायचं, म्हणजे ते आत किती घट्ट बांधलेले होते ते कळतं, आणि त्यावरून वर कुठली मूलद्रव्यं आहेत, कोण कुणाशी जोडलेलं आहे, ते कळतं. अगदी वरचा थर म्हणजे किती? केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा, त्यातला एक. त्याच्या खालचं यंत्राला दिसतच नाही. पडद्यावर आलेख येतो, त्यात टेकाडं दिसतात. पुस्तकात त्यांना शिखरं म्हणतात, पण आम्ही साधी माणसं, आम्ही टेकाडंच म्हणायचो. सोन्याचं टेकाड चौऱ्याऐंशीवर. कार्बनचं दोनशे पंच्याऐंशीच्या तोंडाशी. प्रत्येकाची जागा ठरलेली.

आणि एक खोड आहे. वस्तू वीज वाहून नेणारी नसेल, तर इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर तिच्यावर वीज साठते आणि सगळी टेकाडं पुढे सरकतात. मोजपट्टीच सरकली म्हणा ना. मग काय करायचं? जगातली कुठलीही वस्तू हवेत ठेवली की तिच्यावर कार्बनची पुटं चढतात. तुमच्या-माझ्यावर, या कठड्यावर, सगळ्यावर. तर त्या मळाचं टेकाड कुठे दिसतंय ते बघायचं, ते त्याच्या ठरलेल्या जागी आणायचं, की बाकीची आपोआप जागेवर येतात. प्रत्येक वस्तूला ही दुरुस्ती वेगळी. एकीची दुसरीला चालत नाही. मोठ्या बाई पहिल्या दिवशी हेच सांगायच्या, शेवटच्या दिवशीही हेच सांगायच्या.

तर त्याच आठवड्यात एका कारखान्यातून तपासणीसाठी अॅल्युमिनियमची एक पट्टी आली होती.

त्या कारखान्यात धातूचे भाग एकमेकांना चिकटवायचं काम चालायचं. चिकटवणारा एक तरुण होता, त्याला सगळे डिंक्या म्हणायचे. कारखान्यातल्याच एका उंच मचाणाच्या पायऱ्या त्यानं चिकटवून बसवल्या होत्या. आणि एक दिवस वरचा पंखा बघायला तो स्वतःच चढला. पायरी निसटली. चौदा फूट. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला.

चौकशी बसली. चिकटवण्याआधी धातूवर काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून तो खरखरीत करतात. मग काचेची धूळ पुसून काढायची. मालकांकडचे म्हणाले, पोरानं पुसलंच नसणार, काच राहिली, जोड कच्चा राहिला, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. पण त्याच्या शेजारच्या टेबलावर साचे सुटावेत म्हणून तेलाचा स्प्रे मारायचे, मध्ये आडपडदा काही नाही. डिंक्याचा जोडीदार म्हणाला, ते तेल उडून बसलं असणार. म्हणजे काच निघाली तर दोष डिंक्याचा, तेल निघालं तर स्प्रे तिथं ठेवणाऱ्यांचा. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत, म्हणून त्या निसटलेल्या पायरीची पट्टी आमच्याकडे.

आता गंमत बघा. सिलिकॉन काचेतही असतं आणि त्या तेलातही असतं. फरक फक्त टेकाडाच्या जागेचा. तेलाचं एकशे दोनला, काचेचं एकशे साडेतीनला. दीड घराचा फरक, आणि त्यात एका माणसाचं नाव.

पट्टी घेऊन तो जोडीदारच आला होता. दारात उभा राहून चिमटाबाईला म्हणाला, "ताई, तो पुसायचा ना, तर एकाच दिशेनं. दहा वेळा. मग चिंधी टाकून नवी घ्यायचा. आम्ही चेष्टा करायचो, म्हणायचो, अरे लग्नाची भांडी पुसतोयस का?" एवढं बोलला आणि गेला.

तिनं तपासलं. टेकाड आलं एकशे साडेतीनला. काच. तिनं अहवाल लिहिला, मोठ्या बाईंनी घाईत एक नजर टाकून खाली सही केली. पाकीट बंद होऊन कपाटाच्या खणात. शुक्रवारी सकाळी नऊला चौकशीचा माणूस न्यायला येणार.

आणि गुरुवारी दुपारी डिंक्याची आई आली.

बाकावर बसून होती. चिमटाबाई बाहेर आली तशी उठली. म्हणाली, "बाई, मला आत काय लिहिलंय ते सांगू नका. तुमची नोकरी आहे, मला कळतं. फक्त एवढं सांगा, त्यानं पुसलं होतं का?"

चिमटाबाई म्हणाली, "मावशी, मला सांगता येत नाही."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. चिमटाबाईनं मला नंतर सांगितलं, काका, ती रडली असती ना तर मला बरं वाटलं असतं.

तर अशी ती त्या रात्री आली. मनात परीक्षा. परीक्षा सोपी होती: सोन्याचा स्वच्छ तुकडा परीक्षकाला दाखवायचा. आर्गॉन वायूचा मारा करून वरचा थर तासायचा, आलेखात सोन्याशिवाय काही दिसता कामा नये. पास झाली की यंत्र एकटीनं चालवायचा परवाना.

तिनं तुकडा बाहेरच्या छोट्या डब्यात ठेवला, पंप चालू केला. हवा झटपट निघाली. इतकी झटपट, की तिला वाटलं, आजच आत घालून एकदा बघून टाकू, म्हणजे सकाळी धाकधूक नको. एकटीनं चालवायचा परवाना अजून नव्हता, तरी साडेअकराच्या सुमाराला तुकडा मोठ्या डब्यात सरकवला. तासला. मोजला.

सोनं... सोनं... सोनं. आणि एकशे दोनवर एक बारीकसा उंचवटा.

सिलिकॉन.

ती वैतागली. म्हणाली, पंपाचं तेल आलं वाटतं आत, काकांना सकाळी झापते. मला हो! पुन्हा तासला. पुन्हा मोजला. आलेख स्वच्छ. तिचा जीव भांड्यात पडला. बाटलीतलं पाणी प्यायली. आता घरी जायचं म्हणून उठली आणि जाता जाता पडद्याकडे पाहिलं, मोजणी अजून चालूच होती.

एकशे दोनवर टेकाड होतं. मघापेक्षा मोठं.

तिनं पुन्हा तासलं. गेलं. दहा मिनिटांत परत आलं. पुन्हा तासलं. गेलं... परत आलं. आणि दर खेपेला आधीपेक्षा उंच. डब्यातल्या दाबाचा आकडा मात्र जागचा हलला नव्हता. तेल आत येत असतं तर तो आधी हलला असता. त्या यंत्रात इतकी चांगली निर्वात पोकळी मी कधी पाहिली नव्हती, ना त्याआधी, ना नंतर. ती नोंदही आहे.

बारा वाजून अठरा मिनिटं. तेव्हा तिला आवाज आला.

सुर्रर्र...

कोरड्या कापडानं धातू पुसल्यासारखा. तिला वाटलं, पंख्याचं काहीतरी. तिनं पंखा बंद केला.

सुर्रर्र... सुर्रर्र...

एकाच दिशेनं. जायचा आवाज यायचा, परत यायचा नाही.

तिनं मोजायचं नाही असं ठरवलं. पण मोजलं गेलंच. सात... आठ... नऊ... दहा.

मग शांत.

मग पुन्हा एकपासून.

आवाज कुठून येतोय? भिंतीतून नाही. बाहेरून नाही. ती हळूहळू पुढे झाली. हात पोलादाच्या डब्यावर टेकवला. आवाज डब्यातून येत होता... आणि डब्यात हवाच नव्हती. पोरांनो, जिथं हवा नाही तिथं आवाज नसतो. शाळेतलं पोरही सांगेल.

डब्याच्या आत तुकडा नीट बसलाय का ते दाखवायला एक छोटा कॅमेरा असतो. तिनं तो लावला. पडद्यावर तुकडा दिसला. पिवळा, गुळगुळीत, उजळ. त्याच्यावरून एक सावली डावीकडून उजवीकडे गेली.

सुर्रर्र.

पुन्हा डावीकडून उजवीकडे.

शेजारच्या पडद्यावर टेकाड उतरत होतं. सावली एकदा जायची, टेकाड थोडं बसायचं. दहाव्या वेळेला सपाट झालं. मग सावली थांबली. आणि तुकड्यावर, कॅमेऱ्यात अगदी स्पष्ट दिसलं तिला, कुठून तरी धुकं येऊन बसावं तसं काहीतरी बारीक, ओलसर बसायला लागलं. टेकाड चढायला लागलं. सावली पुन्हा आली. पुन्हा डावीकडून. घाई नाही. चिडचिड नाही. कुणीतरी आपलं काम करतंय... आणि कुणीतरी ते बिघडवतंय... आणि तो पुन्हा करतोय.

तिनं पर्स उचलली आणि दाराकडे निघाली. दाराला कार्ड लावलं. दार उघडलंही, बरं का. कुणी अडवलं नाही. बाहेर जिन्यातला दिवा दिसत होता.

आवाज थांबला.

नुसती शांतता. पण अशी शांतता, की मागे कुणीतरी हात थांबवून आपल्याकडे बघतंय. नुसतं बघतंय. दुपारी म्हातारीनं बाकापाशी बघितलं होतं तसं.

ती मला म्हणाली, "काका, त्या क्षणी मला भीतीनं नाही कळलं. मला लाजेनं कळलं." एकशे दोन. सोनं धातू आहे. त्यावर वीज साठत नाही. त्यावर मोजपट्टी सरकत नाही. सोन्यावर जे एकशे दोनला दिसतं ते एकशे दोनलाच असतं. मग ती अॅल्युमिनियमची पट्टी... तिच्या आधी तिनं कोरा धातू तपासला होता. कोऱ्या धातूची दुरुस्ती शून्य. आणि पट्टीची मोजणी उघडताना...

तिला निघून जायचं होतं. निघून गेलं की पाकीट नऊला जाईल, परीक्षा होईल, परवाना मिळेल, आणि या रात्रीबद्दल कुणाला काही सांगावं लागणार नाही. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात येईल. ती तिथं उभी होती. एक पाय बाहेर, एक आत. किती वेळ ते तिलाही माहीत नाही. दाराच्या नोंदीत आहे, दार चार मिनिटं उघडं होतं.

मग तिनं दार लावलं. आतून.

परत येऊन खुर्चीवर बसली. पट्टीची फाइल उघडली. दोनदा चुकीची उघडली.

तिच्या शेजारी चाकांचं एक स्टूल असतं, शिकवणाऱ्यानं बसायचं. त्याच्यात दाबाची नळी असते, माणूस बसला की ते खाली जातं.

फुस्स्स...

स्टूल खाली गेलं.

तिनं मान वळवली नाही. डाव्या बाजूचा गाल गार पडला. गोंदाचा उग्र वास आला... आणि त्याखाली नव्या कापडाचा. ती पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बघते... बघते मी. थांबा जरा."

कार्बनचं टेकाड कुठे आहे? दोनशे शहाऐंशीच्या पुढे. दोनशे पंच्याऐंशीच्या तोंडाशी हवं होतं. तिनं त्याला ऑक्सिजनला जोडलेला कार्बन समजून नाव देऊन टाकलं होतं. दुरुस्तीच्या खान्यात काय आहे?

शून्य.

आधीच्या वस्तूचं शून्य. घाईत तसंच चिकटवलेलं. पट्टीवर मात्र वीज साठत होती, कारण तिच्यावर एक पातळ, वीज न वाहणारा थर होता.

तिनं खान्यात दुरुस्ती लिहिली. एक पॉइंट चार. आणि बटण दाबलं.

सगळी टेकाडं एकदम सरकली. सिलिकॉनचं एकशे साडेतीनवरून निघालं आणि एकशे दोनवर येऊन थांबलं. काचेच्या जागी काही नाही. साधं टेंगूळसुद्धा नाही. काचेची धूळ अजिबात नव्हती. पोरानं पुसलं होतं. इतकं पुसलं होतं, की आजवर तपासलेल्या कुठल्याही पट्टीवर एवढं स्वच्छ पुसलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आणि त्याच्यावर तेल येऊन बसलं होतं.

ती रडायला लागली. पडद्याकडे बघून म्हणाली, "माझं चुकलं हो. तुमचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं."

मग शेजारी हलकेच... स्टूल वर आलं.

सकाळी साडेआठला मोठ्या बाई आल्या तेव्हा ती तिथंच बसलेली. समोर फाडलेलं पाकीट आणि नवा अहवाल. म्हणाली, "बाई, माझं चुकलंय. दुरुस्ती शून्य राहिली होती. काच नाही, तेल आहे."

मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या आलेख पाहिले. एकदा, दोनदा. मग खुर्ची ओढून बसल्या. "मी पण सही केली की गं त्याच्यावर," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"रात्री."

"कसं कळलं?"

तिची नजर शेजारच्या स्टुलावर गेली. मोठ्या बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या स्टुलाकडे, आणि पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "परीक्षा पुढच्या वर्षी दे. असं चुकणारीच्या एकटीच्या हातात मी यंत्र देणार नाही. आणि स्वतः येऊन सांगणारीला मी काढणारही नाही. जा, तोंड धू." नऊला चौकशीचा माणूस आला, त्याच्या हातात दोघींच्या नव्या सह्यांचं पाकीट गेलं. पुढे कारखान्यानं स्प्रेचं टेबल दुसऱ्या इमारतीत हलवलं आणि डिंक्याच्या नावापुढचा शेरा खोडला. ते व्हायला आठ महिने लागले, कारण कागद आपल्या चालीनंच चालतो.

पण ती आठ महिने थांबली नाही. त्याच दुपारी पत्ता काढून म्हातारीकडे गेली. नियमात बसत नव्हतं, तरी गेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "मावशी, पुसलं होतं. खूप नीट पुसलं होतं त्यानं."

म्हातारी म्हणाली, "मला ठाऊकच होतं गं. पण कुणीतरी मला येऊन सांगायला हवं होतं ना." आणि मग मात्र रडली. दोघी उंबऱ्यातच बसून रडल्या.

त्या दिवशी चिमटाबाईनं मला बोलावून पंप उघडायला लावला. मी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडला. आतून कोरडा ठणठणीत. तेलाचा डाग नाही, वास नाही. त्या पंपाला तेल लागतच नाही, हे मी तिला उघडण्याआधीच सांगितलं होतं. तरी ती माझ्या शेजारी उभं राहून प्रत्येक भाग बघत होती. सगळं जोडून झाल्यावर तिनं मला हे सांगितलं, जे मी आता तुम्हाला सांगितलं. मी तिला म्हटलं नाही, की तुला भास झाला असेल. का, ते सांगतो.

तो सोन्याचा तुकडा आम्ही बाहेर काढला. एका उघड्या बशीत घालून खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. झाकण नाही, कागद नाही. खाली रस्ता, वर धूळ, समोर चहाची किटली. महिन्यानं सहज तपासला. कार्बन नाही. आम्ही म्हटलं, मोजणी चुकली. मग त्याच बशीत मुद्दाम सोबत ठेवलेला दुसरा सोन्याचा तुकडा तपासला, तो नेहमीसारखा मळलेला. वर्षानं पुन्हा पाहिलं. मोठ्या बाईंनी स्वतः पाहिलं. मी एकदा मुद्दाम बोट लावलं त्याला, घामाचं, भर उन्हातून आल्याबरोबर. संध्याकाळी तपासला... निव्वळ सोनं.

सहा वर्षं झाली. तो तुकडा त्याच फळीवर आहे, उघडाच. सकाळी तुम्ही पहिला म्हणून तोच लावणार आहात.